नसीम मॅडम आणि बेचाळीस अंश

नसीम मॅडमच्या प्रयोगशाळेत 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. श्रीपूरहून मी पीएच.डी.साठी सोलापुरात आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवली आणि जिवंत पेशी किती दिसतात ते विचारलं.

"बहुतेक ऐंशी हायत," मी म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हायत चालेल. बहुतेक नक्को. पुन्हा मोज."

पुन्हा मोजल्या. त्र्याहत्तर होत्या.

मॅडम अंगाने किरकोळ, डोक्यावर पिनेने घट्ट बसवलेली ओढणी आणि चालणं असं झपाझप, की बरोबरीने चालताना मला धाप लागायची. त्यांचे वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. मे महिन्यात कारखान्याच्या तापलेल्या पत्र्याखालून घरी आले की तासभर कोणाशी बोलत नसत, नुसते फरशीवर पडून राहत. "अब्बांच्या आत तेव्हा काय चालायचं, ते मला बघायचं होतं," मॅडम म्हणायच्या. विषय त्यांनी असा निवडला होता.

तो समजावण्याची त्यांची एक पद्धत होती. खडू घ्यायचा, फळ्यावर गोल काढायचा आणि म्हणायचं, "ही पेशी. आता हिला ताप दे." उष्णता वाढली की पेशीतल्या प्रथिनांची घडी विस्कटते. ती सावरायला रक्षक प्रथिनं असतात. एरवी ही रक्षक प्रथिनं एका चालक प्रथिनाला धरून बसलेली असतात. उष्णता आली की ती त्याला सोडून विस्कटलेल्यांकडे धावतात. मोकळा झालेला चालक रक्षकांचं जनुक चालू करतो, नवे रक्षक तयार होतात. काम उरकलं की तेच रक्षक परत येऊन चालकाला धरतात आणि जनुक थंडावतं. "बघ," मॅडम म्हणायच्या, "वरून हुकूम देणारं कोणी नाही. जे तयार झालं, तेच सांगतं की आता पुरे."

मी यायच्या आधी त्यांचा एक शोधनिबंध गाजला होता. त्यांनी यंत्रमाग कामगारांचं आणि कारखान्याबाहेरच्या इतर लोकांचं रक्त घेतलं, त्यातल्या पेशी तासभर बेचाळीस अंशांवर ठेवल्या आणि मग नेहमीच्या तापमानाला आणल्या. इतरांच्या पेशींत ते जनुक काही तासांत थंडावलं, कामगारांच्या पेशींत चालूच राहिलं. वर्षानुवर्षांच्या उकाड्याने ही 'पुरे' म्हणणारी यंत्रणाच बिघडते, असा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रात बातमी आली. रक्त देणारे कामगार ज्या कारखान्यातले होते, त्याच्या मालकाने एक्झॉस्ट पंखे बसवायचं कबूल केलं.

मला पुढचं काम करायचं होतं. त्यासाठी आधी त्यांचा जुना प्रयोग पुन्हा करून पाहिला. कामगारांच्या पेशींतही जनुक व्यवस्थित थंडावलं. तीनदा केला, तीनदा तेच. चार दिवस मी वही पिशवीतून बाहेरच काढली नाही. पाचव्या दिवशी मॅडमसमोर ठेवली.

त्यांनी सगळी पानं वाचली. "तुला काय वाटतं?"

"माझंच कायतरी चुकलं असंल, मॅडम."

"असंल म्हणू नकोस. चल, बघू या."

जुन्या प्रयोगात दोन वॉटर बाथ, म्हणजे पाणी ठरावीक तापमानावर ठेवणारी यंत्रं, वापरले होते. कामगारांचे नमुने जुन्यात, इतरांचे नव्यात. मी मात्र सगळे नव्यातच ठेवले होते. मॅडमनी दोन्हींत नवा थर्मामीटर सोडला. जुन्याचा काटा बेचाळीस दाखवत होता, पाणी चव्वेचाळीस अंशांवर होतं. कामगारांच्या पेशींना जास्त भाजलं होतं, म्हणून त्यांचं जनुक थांबत नव्हतं. मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "दोन्ही नमुने एकाच पाण्यात ठेवायला हवे होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते."

त्यांची प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आली होती. विभागप्रमुख म्हणाले, "मुलाखत होऊ द्या, मग बघू. कोण तपासायला बसलंय?"

"ही बसलीय की," मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी पाठवलं. ते पद त्यांना मिळालं नाही.

पत्र पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन कारखान्यात गेल्या. जेवणाची सुट्टी होती. रक्त देणारे सगळे जण डबे उघडून बसले होते. मॅडमनी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांच्यातले सर्वांत वयस्क नरसय्यामामा घास हातात धरून ऐकत होते.

"म्हणजे आमचं रक्त बिघडलेलं नाही?"

"नाही. यंत्र चुकलं आणि मी ते तपासलं नाही."

"बरं झालं की. माझी बायको घाबरून बसलीय." मग त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. "पण मॅडम, आता मालक पंखे बसवणार नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता रडतील. पण त्या मामांच्या शेजारी खालीच बसल्या. "पेशी बिघडल्या नसतील मामा, पण इथं उकडतंय हे खरं आहे ना? मग तेच मोजू. मला हा उन्हाळा द्या."

तो उन्हाळा आम्ही त्या पत्र्याखाली काढला. कारखान्यात पाच ठिकाणी थर्मामीटर टांगले, आणि या वेळी पाचही आधी एकाच पाण्यात बुडवून पारखले. दर दोन तासांनी नोंद. कोणाला चक्कर आली, कोणाची नाडी किती, सगळं वहीत. एकदा मलाच भोवळ आली. मॅडमनी मला ताक पाजलं, सावलीत झोपवलं आणि माझी पुढची नोंद स्वतः घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी ती वही मालकापुढे ठेवली. तो टाळत राहिला, त्या दर सोमवारी जात राहिल्या. दिवाळीनंतर पंखे बसले.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला त्यांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ आठवतो. विभागप्रमुखांनी त्यांच्या निबंधांची यादी वाचली आणि तेवढा एक निबंध सौजन्याने वगळला. मॅडम गळ्यातल्या हारासकट उभ्या राहिल्या.

"सर, एक राहिला. मागे घेतलेला."

"मॅडम, तो आज कशाला?"

"आजच. पुढे सांगायला मी इथं नसेन. तोही माझाच आहे, लिहून घ्या."

विभागप्रमुखांनी खिशातून पेन काढलं.