तुळस आणि सब्जा

पत्नी गेली, मागोमाग तिची तुळसही वाळली. तिने डबीत जपलेलं बी मी पेरलं आणि दर रविवारी रोपं पट्टीने मोजली. काल शेजारच्या वहिनी पानावरून बोट फिरवून हसल्या, "भाऊजी, इतके काटेकोर तुम्ही, आणि तुळस म्हणून सब्जा वाढवलात? तुळशीचं पान लवदार, हे बघा कसं गुळगुळीत!"

डब्या दोन होत्या. चिठ्ठी एकीवरही नव्हती. तिला ती लागतच नसे. म्हणजे उन्हाळ्यात मी सरबतात घातलं ते तिच्या तुळशीचं बी. नीट फुगेना, म्हणून उरलेलंही फेकून दिलं.

"माझ्याकडचं रोप नेता?" वहिनींनी हळूच विचारलं. नेईन म्हणालो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण सब्जाचा वास गोडसर. तिच्या बोटांना यायचा तो जरा तिखट होता.