खुळखुळा नसलेला साप

अनुजा, निहार,

तुमची शालूआजी गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही रडलात आणि मी फार न बोलता फोन ठेवला. त्याला महिना झाला. आज लिहायला बसले आहे ती दुःखानं कमी, संतापानं जास्त. तिच्या शोकसभेत तिच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "बाई प्रेमळ होत्या, पण त्यांना इंटरनेटचं वावडं होतं." समोरच्यांनी माना डोलावल्या. मला अक्षरशः शिसारी आली. हे खोटं तुमच्यापर्यंत पोचण्याआधी खरं काय ते पोचावं...

शालू माझी धाकटी जाऊ, किन्हवलीच्या पुढच्या एका खेड्यात शिक्षिका. शहापुरात सायबर कॅफे निघालं तेव्हा दर शनिवारी एसटीनं येऊन मला तिथं ओढून नेणारी तीच. पडद्यावरचं इंग्रजी मी वाचायचं आणि तिनं विचारायचं, "ताई, हे लिहिलंय कोणी? कुठल्या माणसांसाठी?" मला कंटाळा यायचा. तिला कधीच नाही.

एका वर्षी तपासणी तोंडावर आली आणि मुख्याध्यापकांनी सर्पदंशावरचा एक रंगीत तक्ता नेटवरून उतरवून घेतला, कॅफेवाल्याकडून मराठीत करवला आणि प्लास्टिकमध्ये घालून चौथीच्या वर्गात टांगला. विषारी सापाच्या शेपटीला खुळखुळा असतो, असं त्यावर ठळक छापलं होतं. जखमेवर चीर द्या आणि रक्त चोखून थुंका, हेही होतं. असा साप आपल्या देशात नाही. आणि आपल्याकडे भाताच्या पेंढ्यात जहाल विषारी मण्यार निघते.

आठवडाभरात वाडीवरची एक मुलगी डालड्याचा डबा घेऊन शाळेत आली. आत साप होता, काळा, अंगावर बारीक पांढरे पट्टे. "बाई, आजा वरडला मला. पर याला खुळखुळा नाय ना. बिनविषारी हाय."

शालूनं तिच्या हातून डबा घेतला, झाकण दाबून धरलं आणि तशीच कार्यालयात गेली. मुख्याध्यापक खुर्चीसकट मागे सरकले. डबा बाहेर न्या, एवढं आधी म्हणाले. मग म्हणाले, "तपासणी होईपर्यंत तक्ता राहू द्या. तीन वेबसाइटवर हेच आहे. मी स्वतः बघितलंय." पोरीचे हात कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.

साप लांब माळावर सोडून शालूनं तक्ता त्याच दिवशी उतरवला. शनिवारी आम्ही त्या तिन्ही वेबसाइट उघडल्या. तेच चित्र, तीच वाक्यं, एका आकड्यातली चूकसुद्धा तीच. मूळ पान अमेरिकेतल्या वाळवंटात तंबू ठोकणाऱ्या हौशी लोकांसाठी होतं, तेही फार जुनं. शालू म्हणाली, "एकानं चघळलेलं तिघांनी थुंकलंय, ताई. आणि हे पोरांच्या तोंडात घालतायत." तिथून ती सरळ सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितलं, चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, जीप मिळेल ती पकडून इकडं आणायचं.

तपासणीच्या दिवशी भिंतीवर नुसते खिळे दिसले. मुख्याध्यापकांनी तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. तिनं तीन पानं कारणं लिहून दिली, ती कुणी उलटूनही पाहिली नाहीत. सेवापुस्तकात "असहकार्य" असा शेरा पडला आणि निवृत्तीपर्यंत तसाच राहिला. तो लिहिणारा माणूस तिच्या फोटोला हार घालून बोलत होता, आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते... भाषणाचा कागद छापील होता. कुठल्या वेबसाइटवरून उतरवला असेल, हे विचारायचं मनात आलं होतं.

दशक्रियेनंतर मी त्या शाळेत जाऊन आले. वाडीवरची ती मुलगी आता शहापूरच्या कॉलेजात शिकते. चौथीच्या भिंतीवर शालूनं हातानं काढलेला तक्ता आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. रंग विटलेत. खाली डॉक्टरांचं म्हणणं, ते कुणी आणि केव्हा सांगितलं त्यासकट. दर पावसाळ्याआधी ती डॉक्टरांना पुन्हा विचारून यायची आणि तारीख घालायची. यंदाची तारीख नव्या बाईंच्या अक्षरात आहे.