शेवटचा हप्ता

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या क्वार्टरच्या रांगेत भंडाऱ्याकडचा एक फिटर राहायचा. बोलता बोलता स्वतःच्याच मांडीवर थाप मारायची त्याला सवय होती. सावकाराचं कर्ज फेडायला त्याने सायकल विकली होती. आम्ही सायकलींवरून कामाला निघालो की तो लांब ढांगा टाकत ओरडायचा, "चला बाप्पा, मी येऊनच राहिलो!"

एका पगाराच्या दिवशी त्याने मला गेटवरून ओढतच सावकारापाशी नेलं. शेवटचा हप्ता देऊन पावती माझ्या हातात कोंबली. त्याला वाचता येत नव्हतं.

"बाबूजी, वाचून सांगा. काई बाकी हाये काय?"

"काही नाही. सगळं फिटलं."

त्याने ती मला तीनदा वाचायला लावली. तेवढ्यात सावकाराने हसत नव्या कर्जाच्या नोटा पुढे केल्या. "दिवाली है भाई, रख लो."

फिटर त्या नोटांकडे बघतच राहिला. मग त्याने सावकाराची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"राहू द्या, सेठ. आता मले कोनाचंच भेव नाई!"

आणि तो चाळिशीचा माणूस बायकोला सांगायला भर रस्त्यातून पळत सुटला. माझी सायकल गेटवरच राहिली; जेवणाचा डबा छातीशी धरून मीही त्याच्यामागे धावलो.