दोन रंगांचं चित्र
माझा धाकटा भाऊ कोपरगावकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न केलं नव्हतं त्यानं. किडन्या निकामी झाल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा तो माझ्याकडे सावेडीला राहायला आला. येताना कपड्यांची एक पिशवी आणि कॅनव्हासची पुरुषभर उंचीची चौकट घेऊन आला.

मागच्या बाल्कनीत तो थोडं थोडं रंगवायचा. डायलिसिसच्या दिवशी नाही, त्या दिवशी हात थरथरायचे. रंग पाण्यासारखा पातळ करून एक हात द्यायचा, वाळला की त्यावर दुसरा. चार महिने हेच चाललं. आणि शेवटी कॅनव्हासवर होतं काय, तर अर्ध्या भागात गडद तांबडा, अर्ध्यात करडा, आणि दोन्ही भेटतात तिथं पुसटशी कड. झाड नाही, माणूस नाही.

चित्र संपलं त्या सकाळी त्यानं मला हाक मारली. मी शाळेत निघायच्या गडबडीत डबा भरत होते.

"काय आहे रे हे?"

"काही नाही, ताई. दहा मिनिटं समोर बस आणि काय वाटतं ते सांग."

"संध्याकाळी बसते."

संध्याकाळी वह्या तपासायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी काही तरी. त्यानं पुन्हा विचारलं नाही. दीड महिन्यानं तो गेला.

गावाकडे तेरावा झाल्यावर त्याचं सामान न्यायला आमचे वडील, आबा, कसेबसे सावेडीला आले. आमची आई आधीच गेलेली. गुडघ्यांमुळं आबांना प्रवास झेपायचा नाही, म्हणून आजारपणात ते रोज फोन करायचे आणि मी रोज सांगायचे, "बरा आहे, आत्ताच जेवला." खरं सांगायचं नाही, अशी भावानं मला शपथ घातली होती.

आबांनी चित्र भिंतीला टेकवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यातली वरची बाजू कोन्ती?"

मला माहीत नव्हतं. सही नव्हती, मागं खूण नव्हती. कडेला रंगाचे ओघळ दिसतात का पाहिलं, तर ते चारी बाजूंना होते. तो चित्र फिरवून फिरवून रंगवत असणार.

आबा गुडघे धरत चित्रासमोर फरशीवर बसले. मीही बसले. आधी नुसता रंग दिसला. मग हळूहळू तांबड्याच्या आत दुसरा तांबडा, त्याखाली तिसरा. त्यातला एकेक थर म्हणजे त्याचा हात स्थिर राहिलेला एकेक दिवस.

"लई तरास झाला का गं त्याला?" आबांनी चित्रावरची नजर न हलवता विचारलं.

"हो, आबा. फार झाला. शेवटी शेवटी पाणीसुद्धा मोजून द्यावं लागायचं. रात्रभर बसून असायचा."

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

आबा चित्र टेम्पोत घालून गावी घेऊन गेले. पुढच्या खोलीचं छत बुटकं, म्हणून ते आडवं लावलंय. येणारे जाणारे विचारतात, हे काय. आबा सांगतात, "पोरानं काढलंय." त्याहून जास्त सांगत नाहीत.

परवा मी गावी गेले तेव्हा दुपार कलली तरी दार लावलेलं दिसलं. आबा कुठं बाहेर गेले की काय, असं वाटलं. कडी वाजवली तर ते आतूनच बोलले, "पटकन आत ये आन् लावून घे." पश्चिमेचं ऊन दारातून थेट चित्रावर पडतं, आणि करड्याच्या एका कोपऱ्यातला रंग उडायला लागलाय. म्हणून रोज ऊन सरेपर्यंत आबा अंधारात बसतात. त्या दिवशी मीही त्यांच्याजवळ बसले.