जगदेवचं निकल

आमची नाटक कंपनी बोलपटांनी बुडवली तेव्हा मी वाशीमला परत आलो. उमेदीची सारी वर्षं मी लुगडं नेसून रंगभूमीवर रडलो, आणि समोरच्यांचे रुमाल ओले केले. पण ज्याच्यासाठी खरोखर रडावं असा माणूस मला भेटला तो मळ्यातल्या एका रिकाम्या गोठ्यात. जगदेव त्याचं नाव.

माझ्या घरामागचा मळा त्याच्या आईचा, प्रयागबाईचा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारं हे माळ्याचं घर. पोरगा नागपूरला रसायनशास्त्र शिकला, एम.एस्सी. झाला, तिथेच संशोधनाला लागला. मग बाप वारला. आई एकटी, मळ्यातलं पीक तोंडाशी आलेलं. जगदेव परतला तो काचेच्या नळ्या, काही बाटल्या आणि डोक्यात एक कल्पना घेऊन.

ती कल्पना त्याने मला एकदा करून दाखवली. निकलच्या क्षाराचं पाणी पोपटी हिरवं होतं. त्यात त्याने अमोनिया ओतला, आणि हिरव्याचं जांभळट निळं झालं! अहो, आमच्या रंगपटाच्या पेटीत असा निळा कधी नव्हता.

"धातूभवती अमोनियाचे सहा कण फेर धरून बसले, काका," तो म्हणाला. "या निळ्यापासून जी पूड निघते ना, ते लई बारीक असते. सरकीच्या तेलात टाकून वरून हायड्रोजन सोडला का तेल तुपासारखं गोठते. अन् कारखान्यापेक्षा कमी आचेवर."

"आणि निकलचं काय होतं?"

"काईच नाही. ते जसंच्या तसं राह्यते."

मला लगेच आमचा प्रॉम्प्टर आठवला. पडद्याआड उभा राहून तो प्रवेश पुढे रेटतो, आणि नाटक संपलं की आपला कोट घालून घरी जातो. जगदेव हसला. "बराबर. फक्त या प्रॉम्प्टरले गंधकाचं वावडं हाये. गंधकाची नुसती वाफ लागली तरी मरते."

अकोला रस्त्यावर मोहनसिंगची तेलगिरणी होती. माणूस तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हे. त्याने जगदेवला शब्द दिला होता, "मेरे सामने एक बार तेल का घी करून दाखव. गिरणीशेजारी तुले खोली बांधून देतो, आराम से जिंदगीभर कर संशोधन." जगदेवला दुसरं काही नकोच होतं. ती खोली मिळाली तर तो संशोधक. नाही तर मोट आणि वांगी.

नागपूरच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग साधला होता. गोठ्यात मात्र साधेना. पूड जीव नसल्यासारखी पडून राही आणि तेल पिवळंच. जगदेवने तेल बदललं, हायड्रोजन काढायचं आम्ल बदललं, वायू दोनदोनदा धुतला. निकलच्या हिरव्या खड्यांची बाटली खाली खाली जात होती, आणि युद्ध सुरू झाल्यापासून कलकत्त्याहून माल यायचा बंद झाला होता.

दिवेलागणीला जगदेव मोटेवर असे. तेव्हा प्रयागबाई मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन गोठ्यात शिरे. उघड्या ताटल्यांत पूड वाळत पडलेली असे. तिच्यावरून ती मूठ ओवाळी, तोंडातल्या तोंडात पुटपुटे आणि सारं शेगडीत टाकी. मिरचीच्या खकाण्याने मी माझ्या ओसरीवर खोकायचो.

"गुलाबभाऊ, माह्या पोराच्या कामाले कोनाची तरी नजर हाये," ती मला म्हणाली. "काम जितकं बिघडते, तितकी मी जास्त उतरवतो."

शेवटी मोहनसिंग यायचा दिवस ठरला. बाटलीत होतं नव्हतं ते सगळं निकल जगदेवने त्या खेपेला घातलं. पूड वाळवली, तापवली, तेलात सोडली. मोहनसिंग खाटेवर बसून पान खात होता. मी दाराशी. वायूचे बुडबुडे तेलातून वर येत राहिले. मग भांडं उतरवलं, गार पाण्यात ठेवलं, आणि आम्ही तिघे त्यात डोकावत बसलो.

तेल पिवळंच राहिलं.

मोहनसिंगने बोट बुडवून चाटलं. "अरे यार, हे तं माह्याच गिरणीचं तेल हाये. यात भजे तळून घे." तो हसला. पण जगदेवचं तोंड पाहून त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि निघून गेला.

प्रयागबाई आडोशाला उभीच होती. ती आत आली ती भरल्या मुठीने. पोराला पाटावर बसवून तिने मूठ उतरवली आणि शेगडीत टाकली. मिरच्या तडतडल्या, आणि निखाऱ्यांवर एक निळी ज्योत सरसरत उठली.

जगदेव पुढे झुकला. "माय, हे निळं काय जळून राह्यलं?"

"गंधक. ज्वारीच्या बियाण्याले कानीचा रोग लागू नये म्हनून चोळतो, त्यातला. चिमूटभर टाकला का निळी जोत उठते. निळी उठली म्हंजे नजर लई भारी व्हती."

"रोज टाकतं?"

"रोज. तुह्या ताटल्यायवरून. तू मोटेवर गेला का."

मी आयुष्यभर मोठमोठे नट मूक अभिनय करताना पाहिले. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आलं आणि जे त्याने गिळलं, ते कुणाला जमलं नसतं.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"काही नाही, माय. खरंच लई भारी नजर व्हती."

तिने त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

ती गेल्यावर मी उसळून म्हणालो, "अरे, चूक सापडली! नागपूरला जा, तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांना भेट!"

"दाखवायले काय घेऊन जाऊ, काका? निकल संपलं. अन् त्यायनं पुसलं, एवढे दिवस कायनं बिघडत होतं, तं कोनाचं नाव सांगू?"

त्या हिवाळ्यात बाहेर बांधलेले बैल पुन्हा गोठ्यात आले. भाजीची गाडी शेलूबाजारला तोच नेऊ लागला. प्रयागबाई गाडीवर बसून गिऱ्हाइकांना सांगे, "माहा पोरगा एम्मेस्सी हाये बरं."

काही वर्षांनी तापाच्या साथीत ती गेली. तिचे दिवस झाल्यावर मी जगदेवकडे गेलो. युद्ध संपलं होतं, माल पुन्हा येऊ लागला होता. आता कुणाला जपायचं उरलं नव्हतं.

"आता तरी जा," मी म्हणालो.

तो मेथीच्या जुड्या बांधत होता. हात थांबले नाहीत. "मोठ्या कारखान्यायनं केव्हाच याच्यापुढची मजल मारली असन, काका. मी तं इतक्या वर्षांत एक पुस्तक उघडलं नाही. तिथं गेलो तं मलेच शिकवा लागन त्यायले."

मग त्याने एक जुडी माझ्यापुढे धरली. "कवळी हाये. नेता का?"

मी ती घेतली आणि घरी आलो.