मुहूर्तावर आणलेली नात

काचेपलीकडे माझी नात झोपली आहे. तिच्या नाकपुड्या सारख्या फुलतात आणि पोट भराभर खालीवर होतं. दिवस पूर्ण भरलेले, वजन छान, तरी नाकाला ऑक्सिजनची नळी.

"कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरू लागतं, आजी. हिचं सिझेरियन कळांआधीच झालं. मी म्हटलं होतं, आठवडाभर थांबू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थांबणार कसं? पुढच्या गुरुवारी मूळ नक्षत्र होतं. विहीणबाईंच्या ज्योतिषांनी त्याआधीचा मुहूर्त काढून दिला. सगळ्या ग्रहांना विचारून झालं; जिला श्वास घ्यायचा होता तिला कुणी विचारलं नाही.

तरुणपणी मीही काही कमी दिवटी नव्हते. राहुकाळ टळल्याशिवाय कुकर लावत नसे, मग घरभर भुकेली तोंडं फिरत. माझी लेक मात्र मला न जुमानता ऐन अमावास्येला जन्मली आणि अख्खा वॉर्ड जागा होईल अशी रडली.

शेजारी विहीणबाईंनी मोबाइलवर पंचांग उघडलं. "घरी न्यायला शनिवार बरा, नाही का?"

"आधी तिची धाप थांबू दे विहीणबाई, मग शनीला विचारा."

तेवढ्यात नात शिंकली. काही ठरवताना शिंक म्हणजे अपशकुन, म्हणून विहीणबाईंचा चेहरा पडला. मला मात्र एवढंच दिसलं, की पोरीत शिंकण्याइतका दम आहे.