पेठच्या डांगराचा ब्रेड

सकाळच्या एसटीने नाशिक सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर मैदा, दालचिनी, खायचा सोडा होता आणि अंगात भरपूर शहाणपणा. ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. शेजारणीने अमेरिकेहून आणलेली भोपळ्याच्या गोड ब्रेडची कृती मी त्या उन्हाळ्यात घरच्या गोल ओव्हनमध्ये सहा वेळा करून पाहिली होती. सहाही वेळा आत गिचका आणि वर कोळसा. दोष अर्थातच बाजारातल्या पाणचट भोपळ्याचा! द्राक्षांच्या हंगामात शेजारच्या मळ्यात कामाला येणाऱ्या यमुनाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्याकडचं डांगर (लाल भोपळा) खाऊन बघा ताई, लय गोड." तेवढ्या आमंत्रणावर, येत असल्याचा निरोप पाठवून मी निघाले.

घाटातल्या एका वळणावर मैद्याची पिशवी फुटली आणि सगळा मैदा शेजारच्या आजोबांच्या मांडीवर. मी माफी मागू लागले.

"राहू द्या बाई, धोतर पांढरंच हाय," असं म्हणून ते पुन्हा झोपले.

पेठच्या पुढे फाट्यावर उतरून तासभर चालले. उतारावरची भातखाचरं मे महिन्यात कोरडी ठणठणीत पडली होती. यमुनाबाईंचं कुडाचं घर सापडलं, पण घरात कोणी नव्हतं. पडवीत शिंक्यावर एक भलंमोठं डांगर टांगलेलं होतं, त्यावर चुन्याचे ठिपके. हे माझ्या स्वागतासाठीच, अशी माझी खात्री पटली. यमुनाबाई यायच्या आत चिरून ठेवून त्यांना थक्क करावं म्हणून मी दारामागचा कोयता घेतला. गर केशरी आणि घट्ट होता. बिया मुठीमुठीने काढून अंगणात कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्या खूश, मीही खूश.

थोड्या वेळाने यमुनाबाई टेकडी उतरून आल्या. डोक्यावर दुसरं डांगर होतं. माझ्यासाठी वरच्या पाड्यावरून (वस्तीवरून) मागून आणलेलं. साली पाहून त्या जागीच थांबल्या.

"ते बियाचं व्हतं, ताई."

"म्हणजे?"

"पाऊस पडला की लावायचं. लग्नात आईनं दिलेलं बी. आई गेली, माहेरी आता कोनी लावत नाय. हे येकच राहिलं व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा अर्धा तास एम. ए. झालेली ही बाई अंगणभर रांगत होती, कोंबड्यांच्या चोचीतून बिया हिसकावत होती. दोघींनी मिळून एकोणीस बिया वाचवल्या.  यमुनाबाईंनी त्या राखेत चोळून सुपात पसरल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्याच म्हणाल्या, "आता करा की तुमचा ब्रेड. चिरलेलं वाया जाईल."

मैदा नव्हता, म्हणून नागलीचं (नाचणीचं) पीठ घेतलं. साखरेऐवजी गूळ आणि कोंबड्यांची दोन अंडी. तेवढी भरपाई त्या कोंबड्यांनी केली. पातेलं चुलीच्या निखाऱ्यावर ठेवून झाकणावरही निखारे पसरले. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, यमुनाबाईंनी मात्र नुसत्या वासावर पातेलं उतरवलं. ब्रेड फुगला होता, आतपर्यंत नीट भाजला होता. आयुष्यात पहिल्यांदा जमला आणि मी माझा तुकडा त्यांच्याच पुढे सरकवला. त्यांनी दोन तुकडे सावकाश खाल्ले.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "आईचं डांगर हाय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फाट्यावर सोडायला आल्या. एसटी दिसली तशी त्यांनी कमरेची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. आत नऊ बिया होत्या.

"मला कशाला?" मी पुरचुंडी परत त्यांच्यापुढे धरली.

"समदं येकाच घरात ठेवलं की असं व्हतं. निम्मं तुमच्याकडं असू द्या. आमच्या कोंबड्या लय हावऱ्या."

कोंबड्यांचं नाव घेतलं, माझं नाही. खिडकीशी बसून मी रडले; शरमेने आणि त्या बाईच्या मोठ्या मनामुळे. पुरचुंडी पर्समध्ये ठेवायचाही धीर झाला नाही. नाशिक येईपर्यंत मी ती मुठीत धरून बसले होते.